मामाचं कडवं

न्हावऱ्याच्या प्रगतीने आजवर किती मामांना रडवलं याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. पण शिरूर तालुक्यातल्या कुठल्याही मंगल कार्यालयात तिचा आवाज घुमू लागला की मामालोक आधी खिशातला रुमाल चाचपून बघतात, एवढं खरं.

प्रगती मंगलाष्टका म्हणते. वय सतरा, इयत्ता बारावी, शाखा विज्ञान. विज्ञान घरच्यांनी घेतलं आहे. तिने स्वतः घेतलाय तो एक काळा कॉर्डलेस माइक. तो ती दप्तरात भौतिकशास्त्राच्या पुस्तकात गुंडाळून ठेवते, आणि त्या पुस्तकाचा तिला झालेला हा एकमेव उपयोग आहे. सकाळी गोठ्यात ती गायींपुढे रियाज करते. गायींची तक्रार नाही. त्या रवंथही तालात करतात असं प्रगतीचं म्हणणं आहे, आणि प्रगतीचं म्हणणं खोडून काढायची हिंमत गायींच्यात काय, गावातही फार लोकांत नाही.

आमच्या भागातल्या लग्नात मुहूर्ताला कुणी फारसं मनावर घेत नाही. आधी आमदारांचं स्वागत, मग माजी आमदारांचं, मग होऊ घातलेल्या आमदारांचं, मग कारखान्याचे संचालक, सोसायट्यांचे चेअरमन आणि ज्यांचं नाव विसरलं तर पुढच्या निवडणुकीत महागात पडेल असे सगळे. तोवर नवरदेव पाटावर घामाने आणि नवरी आतल्या खोलीत मेकअपने निथळत उभी. हे उरकलं की माइक प्रगतीच्या हाती येतो आणि मांडवातली हजार-दीड हजार माणसं त्या दिवसात पहिल्यांदा गप्प होतात.

गणपतीचं कडवं, कुलदैवताचं कडवं, आणि मग घरच्यांची नावं गुंफलेली कडवी. या नावांतच खरं कसब असतं. मंगलाष्टकाची चाल मापाची. तिच्यात एखादं नाव अलगद बसतं, तर नवऱ्या मुलाचं ‘पृथ्वीराज’ रस्त्यात बसलेल्या म्हशीसारखं आडवं पडतं. मग प्रगती ‘पृथ्वी’वर श्वास घेते, ‘राज’ हळूच पुढे ढकलते आणि म्हैस उठते.

पण तिचं नाव झालं ते मामाच्या कडव्यामुळे. नवरीला हाताला धरून मांडवात आणायचा मान मामाचा. एरवी हा माणूस भाचीची इयत्तासुद्धा सांगू शकत नाही, पण त्या दिवशी गुलाबी फेटा बांधून, आपण दिलेली पिवळी साडी नेसलेल्या भाचीला तो असा घेऊन येतो, की जणू तिला लहानाचं मोठं त्यानेच केलं. प्रगती त्या क्षणाला नेम धरून बसलेली असते. मामा पाटापाशी आला की ती आवाज खाली आणते, मामाचं नाव घेते आणि शेवटचा सूर असा लांबवते की मामा संपतो. सणसवाडीच्या एका लग्नात मामा कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर होता, सहा फूट उंच, मिशीला तेल लावलेला. तो असा हुंदका देऊन कोसळला की नवरीनेच त्याला धरून खुर्चीवर बसवलं. ते लग्न प्रगती आपल्या मोठ्या कामगिऱ्यांत धरते.

तिचे वडील नवनाथ हे गावच्या दूध सोसायटीचे संचालक. बारा एकर रान, ऊस, कांदा, सहा गायी आणि जगातल्या प्रत्येक विषयावर पक्कं मत. मुलीच्या गाण्याबद्दल त्यांनी दोन अटी घातल्या होत्या. घरात कॅसिओ आणायचा नाही, आणि भीमा ओलांडून दौंडाकडची सुपारी घ्यायची नाही.

“का पण, पप्पा?”

“तिकडची माणसं गाण्यातली न्हाईत.”

“दौंडला एवढी रेल्वे हाय, सगळीकडची माणसं हायत.”

“मग रेल्वेत गा.”

यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. तिची साथसंगत मोबाइलवर निघायची आणि तिचं बस्तान भीमेच्या अलीकडे होतं. कारेगाव, सणसवाडी, शिरूर. कंपन्यांमुळे तिकडे लग्नं उदंड आणि मामाही सगळ्या प्रकारचे.

एका दुपारी तिला फोन आला. बाईमाणसाचा आवाज, मागे मालगाडीचा भोंगा.

“न्हावऱ्याची प्रगती का तू? कारेगावच्या लग्नातला तुझा व्हिडिओ बघितला बाळ. माझ्या पोरीच्या लग्नात येशील म्हणायला?”

“येईन की. कुठं हाय?”

“दौंडला.”

प्रगतीला पप्पांची अट आठवली. पण व्हिडिओ भीमा ओलांडून गेला होता, आणि व्हिडिओ जातो तिथे कलावंताने जाऊ नये हा अन्याय होता. “नावं सांगा,” ती म्हणाली.

“नवरी अंकिता. वडील हरिबा. कॅसिओ वाजवत्यात ते, आता दुरुस्तीचं दुकान हाय. मी सविता.”

“नवरीचं आजोळ?”

पलीकडे नुसता भोंगा वाजला. मग बाई म्हणाल्या, “आजोळाचं नाव नको घालू.”

“बरं. मामांचं नाव?”

“मामाचं कडवंच नको.”

जिलेबीवाल्याला पाक सोडून जिलेबी द्या म्हटल्यावर तो जसा बघेल तसं प्रगतीने फोनकडे बघितलं. “अहो काकू, मामाच्या कडव्यासाठी तर लोक मला बोलवत्यात! मामा न्हाई का तिला?”

“हाय गं. पण त्याला यायचं जमायचं न्हाई.”

“लांब असत्यात का? दुबईला?”

“लांब न्हाई. तू ये मात्र.”

प्रगतीने होकार दिला, पण तिच्या कामाला बट्टा लागला होता. संध्याकाळी चुलीपाशी आई भाकरी थापत होती, तेव्हा तिने सगळी हकिकत सांगितली. बाईचं नाव सविता, नवऱ्याचं हरिबा, कॅसिओ वाजवतो, आणि आजोळाचं नावसुद्धा नको म्हणते, बघ मम्मी, कसली माणसं असतात. आईने थापणं थांबवलं नाही. उलट ते जोरात सुरू झालं. भाकरी वाढत वाढत परातीच्या काठाला जाऊन भिडली.

“मम्मी, ही भाकर तव्यात मावायची न्हाई.”

आईने हात झटकले, दाराकडे बघितलं आणि म्हणाली, “ती तुझी आत्या हाय.”

आपल्या बापाला सख्खी बहीण आहे, हे प्रगतीला असं सतराव्या वर्षी कळलं. घरातल्या भिंतीवर आजोबांचा फोटो होता, कारखान्याच्या एका जुन्या चेअरमनचा होता, शर्यतीत पहिला आलेल्या आणि नंतर वारलेल्या बैलाचाही होता. आत्याचा नव्हता.

गोष्ट तशी साधी होती. हरिबा, ज्यांचं नाव त्यांच्या आजोबांवरून ठेवल्यामुळे ते जन्मापासूनच म्हातारे वाटायचे, लग्नांत कॅसिओ वाजवत. जात तीच, लांबून पाहुणेही लागत. खोट एवढीच की जमीन नव्हती आणि कॅसिओ होता. बारा एकरांच्या घरातली लेक पाच सप्तकांच्या पेटीमागे गेली, हे प्रगतीच्या आजोबांना, सावळाराम आबांना झेपलं नाही. त्यांनी पारावर जाऊन जाहीर केलं, की आम्हाला मुलगी नव्हतीच. अख्खं गाव तिच्या बारशाला जेवलेलं होतं, तरी गावाने मान डोलावली. पुढे आबा वारले. नियम मात्र ठणठणीत राहिला.

“मी राखीला फोन करते तिला,” आई कुजबुजली. “तुझा बाप सोसायटीच्या मीटिंगला गेला की.”

“म्हंजी त्या नवरीचा मामा म्हंजी...”

“आत बसून टीव्ही बघतोय तो.”

तालुक्यातल्या मामांना रडवत फिरणाऱ्या प्रगतीच्या स्वतःच्या घरात एक मामा इतकी वर्षं निवांत भाकरी खात बसला होता. तिने त्याच रात्री मनाशी ठरवलं: अंकिताताईच्या मागे तिचा मामा उभा राहिला पाहिजे, आणि त्याला उभा करणं हे आपलं काम आहे.

सकाळी गोठ्यात तिने विषय काढला.

“पप्पा, एक मामा पायजे.”

“कशाला?”

“लग्नात उभा करायला. दौंडला.”

नवनाथ गायीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. “दौंडचं आपलं ठरलंय.”

“नवरीची आई सविता म्हणून हाय. न्हावऱ्याची हाय म्हणं.”

“न्हावऱ्यात लय सविता हायत.”

“कॅसिओवाल्याशी लगीन केलेली एकच हाय.”

हात थांबला. गायीने मागे वळून बघितलं. “कुणी सांगितलं तुला?” नवनाथ म्हणाले, आणि मग उत्तराची वाट न बघता, “मला भन न्हाई.”

“ती तर म्हणली, पोरीला मामा हाय.”

“असं म्हणली?”

“व्हय. हाय, पण यायचं जमायचं न्हाई म्हणली.”

हे नवनाथना लागलं. ‘मामा मेला’ म्हणाली असती तर त्यांना रागावता आलं असतं. ही तर त्यांच्या वतीने सबब सांगून मोकळी झाली होती, जसं एखाद्या गैरहजर संचालकाच्या वतीने कुणी रजेचा अर्ज द्यावा. त्यांनी दुधाची किटली उचलली, पुन्हा खाली ठेवली.

“मी येनार न्हाई. आन् तूबी जायाचं न्हाई.”

“मी शब्द दिलाय.”

“शब्द मोडता येतो.”

“तुमच्या बॅनरवर तर लिवलंय, दिला शब्द पाळणारा माणूस. चौकात आजून लटकतोय.”

“बॅनरवरचं घरात बोलायचं न्हाई!” नवनाथ कडाडले आणि किटली घेऊन चालू लागले. दूध सोसायटीत त्या दिवशी त्यांनी दोन माणसांशी विनाकारण भांडण केलं. तिसऱ्याशी ते भांडण नसतानाही तडजोड करून आले, तेव्हा लोकांना काळजी वाटली.

लग्नाच्या सकाळी आईने नवऱ्याला सांगितलं, पोरीला घेऊन शिरूरला जाते, डोळे दाखवायचेत. नवनाथ लगेच “जा” म्हणाले. मलाही मीटिंग आहे म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात नवरा एका शब्दात ‘जा’ म्हणाला नव्हता. तिला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण तिचं लक्ष नणंदेसाठी पिशवीत दडवलेल्या नव्या लुगड्याकडे होतं.

दौंडचं ते मंगल कार्यालय रेल्वेच्या रुळांना लागून होतं. स्वागताची भाषणं सुरू होती आणि दर थोड्या वेळाने एक मालगाडी येऊन बोलणाऱ्याला गप्प करत होती. रेल्वेचा एवढा उपयोग प्रगतीने आधी पाहिला नव्हता.

सविताआत्या दारातच भेटली. ठेंगणी, गोल, बोलकी. तिने वहिनीचा हात घट्ट धरला आणि प्रगतीला वरपासून खालपर्यंत बघितलं. “नाक आबांचं आलंय गं तुला. इलाज न्हाई. आवाज तरी दुसऱ्या कुणाचा घेतलास ते बरं केलंस.” मग ती हळू आवाजात म्हणाली, “मामाचं कडवं नको म्हणलं होतं, ते म्हण आता. गोकुळचं नाव घाल.”

गोकुळ म्हणजे त्यांच्या गल्लीतला शेजारी. रेल्वेत पॉइंट्समन. वाळकासा माणूस, डोक्यावर त्याच्याहून मोठा फेटा. आदल्या संध्याकाळी तो आपणहून पिवळी साडी घेऊन आला होता आणि म्हणाला होता, पोरीला मांडवात एकटं जाऊ देणार नाही. प्रगतीने त्याचं नाव चालीवर धरून बघितलं. कुलपात किल्ली बसावी तसं बसलं. पण तिचं मन बसलं नाही. ती मोबाइलवर साथ लावून ठेवत होती आणि दर मिनिटाला दाराकडे बघत होती.

आणि दारात एक गुलाबी फेटा उगवला.

नवनाथ आले होते. पांढरे कडक कपडे, हातात साडीचं खोकं, चेहरा निवडणुकीचा अर्ज भरायला निघाल्यासारखा. शिरूरला डोळे दाखवायला गेलेली बायको आणि मीटिंगला गेलेला नवरा दौंडात समोरासमोर आले. दोघांनी एकमेकांना एकदा बघितलं आणि या विषयावर पुन्हा कधी बोलायचं नाही असं न बोलता ठरवलं.

प्रगतीचा आनंद गगनात मावेना. आणला! आपण मामा आणला! पण नवनाथ बहिणीला भेटायला थांबले नाहीत. ते तरातरा नवरीच्या खोलीपाशी गेले. तिथे गोकुळ अंकिताला घेऊन निघायच्या तयारीत उभा होता.

“बाजूला व्हा. मामा मी हाय.”

“तुम्ही कोण म्हणायचं?”

“नवनाथ. न्हावऱ्याचा. सख्खा मामा.”

गोकुळने हात जोडले. “रामराम. लय ऐकलंय तुमच्याबद्दल. बघितलं मातर आज.”

“मान सख्ख्या मामाचा असतोय.”

“असतोय की. ह्या पोरीचं जावळ काढायचं होतं तवाबी मामाच्या मांडीवर बसवायचा मान असतोय. मांडी माझी होती. कान टोचले तवाबी माझीच. दोन्ही टायमाला माझी पॅन्ट भिजली, पाव्हणं. तुमची भिजली का कवा?”

नवनाथ हे उसाच्या दरापासून परराष्ट्र धोरणापर्यंत कशावरही उत्तर देऊ शकणारे गृहस्थ. या प्रश्नावर मात्र त्यांनी अंकिताकडे बघितलं. पोरगी नर्सिंग शिकलेली, नीट डोळ्यांत बघून बोलणारी.

“मामा, तुम्ही आलात, मला फार बरं वाटलं,” ती म्हणाली. “खरंच. पण मी गोकुळमामांच्या हाताला धरून जाणार.”

आजूबाजूला माणसं गोळा व्हायला लागली होती. लग्नात भांडण लागलं तर जेवणाला चव येते, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. नवनाथ वळले. समोर माइक घेऊन त्यांची स्वतःची मुलगी उभी.

“माइक तुझ्या हातात हाय,” ते म्हणाले. “तू कुणाचं नाव घेनार?”

प्रगतीने बापाकडे बघितलं. फेटा बांधताना त्यांचा हात किती वेळा थांबला असेल, हे तिला कळत होतं. ते खोकं त्यांनी कुठल्या दुकानातून, किती इकडेतिकडे बघून घेतलं असेल तेही. दोघांची नावं एका कडव्यात कोंबता आली असती. कडवंच गाळता आलं असतं. पण गोकुळ तिथे उभा होता, फेट्याखाली घामाघूम, आणि तो काहीच मागत नव्हता.

“ज्यांची पॅन्ट भिजली त्यांचं, पप्पा.”

ती स्टेजवर गेली. गणपती झाला, कुलदैवत झालं. गोकुळ नवरीला घेऊन पाटापाशी आला, अंतरपाट धरला गेला, आणि प्रगतीने आवाज खाली आणला.

‘मामा गोकुळ हा उभा वधुसवे, भाचीस या सावरी,
डोळ्यांनी भरल्या निरोप दिधला, ठेवून माया उरी...’

गोकुळचा फेटा हलायला लागला. रेल्वे कॉलनीतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. एक मालगाडीसुद्धा त्या वेळेस आली नाही. पण प्रगती मांडवात दुसराच फेटा शोधत होती. पुढच्या रांगांत नाही, खांबापाशी नाही, दाराशी नाही. नवनाथ गेले होते. ‘सावरी’वर तिचा सूर किंचित घसरला, तिचा तिला कळला, आणि तिने तो उचलून घेतला. आता घरात आत्याचं आणि आपलं, अशी दोन नावं घ्यायची बंदी होणार, असा विचार तिच्या मनात आला. तरी तिने एकही कडवं गाळलं नाही. शेवटचं ‘सावधान’ झालं, अक्षता उडाल्या, फटाके आणि बँड एकदम सुटले.

प्रगती माइक हातात घेऊन तशीच बाहेर धावली. पप्पांची गाडी जागेवर होती. मग ती आतल्या खोल्या बघत सुटली.

मंगलाष्टका चालू असताना नवरीच्या आईने लेकीचं लग्न बघायचं नसतं. तिने आत तुळशीपाशी बसून पाणी घालत राहायचं. टाळ्या, फटाके, सगळं नुसतं ऐकायचं. मागच्या खोलीत सविताआत्या प्लास्टिकच्या कुंडीतल्या तुळशीपुढे तांब्या घेऊन बसली होती आणि शेजारी, फेटा काढून गुडघ्यावर ठेवलेले, खालीच मांडी घालून बसलेले नवनाथ. फरशीवर पाणीच पाणी झालं होतं. पंखा लावलेला नव्हता. प्रगतीची आई आधीच येऊन दाराला टेकून उभी होती.

“किती पाणी घालतीस, सवे? मुळ्या कुजतील तिच्या.”

“लेक जाती तवा घालायचं असतंय, दादा. त्याला माप नसतंय.”

“कांद्याला असं पाणी दिलं तर मानसं येड्यात काढतील.”

“तू कांदा बघ की मग. कुणी बोलावलंय हितं?”

“कुणीच न्हाई,” नवनाथ म्हणाले आणि उदबत्तीच्या काडीने कुंडीतली माती उकरून पाण्याला वाट करून देऊ लागले. मग त्यांना दारातली मुलगी दिसली. “‘सावरी’ला सूर उतरला तुझा.”

 मंगलाष्टकाच्या बाबतीत प्रगतीला आजवर कुणी चूक दाखवली नव्हती, गायींनीसुद्धा नाही. “तुम्हाला काय कळतंय सुरातलं?”

आत्या हसली. तांब्या खाली ठेवून हसली. “ह्याला? अगं, अंकिताच्या बापाला आपल्या घरात आणलं कुणी? ह्यानंच! कॅसिओ शिकायचा होता ह्याला. आबांना काय सांगितलं, तर विहिरीवरची मोटार दुरुस्त करणारा हाय. ते बिचारे दर आठवड्याला हातात पान्हा घेऊन यायचे. एकदा आबांनी खरंच मोटार खोलायला बसवलं. चार तास घामानं निथळले, आन् मी पाणी द्यायला गेले.”

“मग?”

“मग काय, तितंच ठरलं.”

“मोटार जाळली त्यानं,” नवनाथ म्हणाले. त्यांची तक्रार चालूच होती. “आबांनी कॅसिओ विहिरीत टाकला. माझा. भन गेली, शिकवणारा गेला, कॅसिओ गेला, सगळं एका दिवसात. आन् वर आबा म्हणले, हे तूच घरात आणलंस. मला राग कुणावर धरायचा ते कळंना. मग सगळ्यांवरच धरला.”

 आत्याने पुन्हा तांब्या भरला आणि या वेळी अगदी थोडंसं पाणी घातलं.

“फोन तरी करायचास दादा.”

“नंबर न्हवता तुझा.”

“वहिनीकडं हाय की.”

नवनाथनी दाराकडे, म्हणजे बायकोकडे बघितलं. बायकोने तुळशीकडे बघितलं.

“पप्पा,” प्रगती म्हणाली, “राग आलाय का माझा?”

“आला व्हता. गाडीपत्तुर गेलो मी.” त्यांनी गुडघ्यावरचा फेटा उचलून उगीच फिरवला. “मग कडवं ऐकलं. नाव चांगलं बसलं त्याचं. खरं तेच बसलं.”

बाहेर लाउडस्पीकरवर जेवणाची घोषणा झाली. खोलीच्या दारात गोकुळ आला. डोळे सुजलेले, नाक लाल. नवनाथना बघून तो जरा बिचकला, पण हात जोडून म्हणाला, “पाव्हणं, चला, जेवून घ्या. पयली पंगत बसली.”

नवनाथ उठले. धोतर फरशीवरच्या पाण्याने मागून चिंब झालं होतं. त्यांनी फेटा सरळ केला, डोक्यावर ठेवला, आणि सोसायटीच्या सभेत वापरतात त्या आवाजात म्हणाले, “पाव्हणा कोण? मुलीकडची मानसं शेवटच्या पंगतीला बसत्यात. बादली कुठाय?”

गोकुळने त्यांच्याकडे नीट बघितलं. मग म्हणाला, “वरणाच्या बादलीला कुणी न्हाई. बुंदी मी वाढतोय.”

“वरन तर वरन.”

दोघे एकामागोमाग मांडवात शिरले. थोड्याच वेळात वराकडच्या पंगतीतून “बास, बास, नको आता” असा आरडाओरडा ऐकू यायला लागला आणि त्यावर नवनाथांचा आवाज, “घ्या हो, लाजताय काय, भाचीचं लगीन हाय!”

एरवी प्रगती पहिल्याच पंगतीला बँडवाल्यांच्या शेजारी बसून जेवते. गाणाऱ्या माणसाला भूक लागते, आणि आपण परकेच असतो. तिने माइक बंद करून आत्याच्या हातात दिला, कोपऱ्यातलं मिठाचं पातेलं उचललं आणि बापाच्या मागून पंगतीत वाढायला निघाली.